लाल डोळा आणि काउंटरवरची बाटली

डोळ्यांच्या औषधांविषयी २०२४ मध्ये दोन बातम्या येऊन गेल्या. पहिली १० सप्टेंबर २०२४ ची. वाचनाचा चष्मा दूर ठेवणारे थेंब म्हणून गाजलेल्या ‘प्रेसव्हू’ या औषधाला दिलेली परवानगी भारताच्या औषध महानियंत्रकांनी स्थगित केली. दुसरी ८ ऑक्टोबरची. खुपऱ्या हा डोळ्यांचा रोग भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरलेला नाही, यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. पहिल्या बातमीवर चर्चा रंगल्या, मोबाइलवर चित्रफिती फिरल्या. दुसरी अनेकांच्या नजरेतून निसटली.

तिसरी गोष्ट बातमी होतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दरवर्षी भातकापणीचे दिवस येतात. झोडणी करताना कुसळ किंवा तूस डोळ्यात उडते, मळक्या हाताने डोळा चोळला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो लालभडक होतो. दुसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी बाजारात जाते आणि औषधाच्या दुकानात सांगते, ‘डोळा लाल झालाय, थेंब द्या.’ बाटली मिळते. चिठ्ठी मागितली जात नाही आणि ज्याचा डोळा दुखतो तो माणूस तर घरीच असतो. अशातले बरेच डोळे बरे होतात. काही होत नाहीत, आणि त्यांतल्या काहींची नजर कायमची जाते.

या तिन्ही गोष्टी एकाच मुद्द्याकडे नेतात. डोळ्याचे औषध उपयोगी पडेल की घात करेल, हे बरेचसे ते कोणता डोळा तपासून दिले यावर ठरते. एकाच बाटलीतला थेंब एका लाल डोळ्याची नजर वाचवतो आणि दुसऱ्याची घालवतो. म्हणून लाल डोळ्यावर सरसकट चालणारा थेंब असा काही नसतो.

चष्मा घालवणारे थेंब

आधी गाजलेल्या बातमीकडे पाहू. प्रेसव्हू हे मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स या कंपनीचे औषध. त्यातला घटक पिलोकार्पिन, प्रमाण १.२५ टक्के. पिलोकार्पिन काही नवे नाही. काचबिंदूवर ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरले जाते आणि जुन्या नेत्रतज्ज्ञांनी ते आयुष्यभर लिहून दिलेले आहे. चाळिशीच्या चष्म्यासाठी याच प्रमाणातल्या थेंबांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये मान्यता दिली होती.

हे थेंब बाहुली आकसून टाकतात. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे अक्षर थोडे स्पष्ट दिसते, तसाच हा परिणाम असतो. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि ते पुन्हा लवचिक करण्याची शक्ती या औषधात नाही. काही तासांत असर ओसरतो. कपाळ आणि भुवया दुखू शकतात, अंधारात कमी दिसते, त्यामुळे रात्री गाडी चालवणाऱ्याला ते धोक्याचे ठरू शकते. ज्यांना जास्त उणे नंबर आहे, त्यांच्यात क्वचित दृष्टिपटल सुटण्याचा धोका सांगितला जातो. म्हणून थेंब सुरू करण्यापूर्वी डोळ्याचा मागचा पडदा तपासून घेणे शहाणपणाचे.

महानियंत्रकांचा आक्षेप जाहिरातीवर होता. औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याच्या अटीवर मंजूर झाले होते, आणि प्रचार मात्र कोणीही विकत घेऊन घालावे अशा थाटात झाला, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने हे आरोप नाकारले आणि न्यायालयात जाण्याचे जाहीर केले. वादाचा निकाल काहीही लागो, नियामकाने धरलेला मुद्दा रास्त आहे. चिठ्ठीचे औषध चिठ्ठीनेच विकले गेले पाहिजे. प्रश्न असा उरतो की हीच काटेकोर नजर रोज काउंटरवरून विकल्या जाणाऱ्या, पिलोकार्पिनपेक्षा कितीतरी अधिक नुकसान करू शकणाऱ्या बाटल्यांवर का पडत नाही?

लाल डोळा हे लक्षण आहे

ताप आला म्हणजे मलेरियाच असे कोणी धरून चालत नाही. लाल डोळ्याच्या बाबतीत मात्र ‘डोळे आले’ हे निदान घरातच होते. त्याला कारणही आहे. साथ आली की घरोघरी डोळे येतात आणि बहुतेकांचे आपोआप बरेही होतात. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडून साथीच्या बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता राज्यातल्या रुग्णांचा आकडा लाखांत गेला. अशा साथी बहुधा विषाणूंमुळे येतात. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात आलेली साथ इतकी मोठी होती की बंगालमध्ये लोकांनी तिला ‘जय बांगला’ असेच नाव ठेवले.

विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांवर प्रतिजैविकाचा थेंब विशेष काही करत नाही. स्वच्छ पाण्याने डोळे धुणे, थंड पाण्याची घडी ठेवणे, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवणे, हात वारंवार धुणे आणि आठवडाभर धीर धरणे हाच मुख्य उपचार. याच धीराच्या काळात ‘लवकर उतरेल असे काहीतरी द्या’ अशी मागणी होते आणि स्टेरॉइड मिसळलेली बाटली घरात येते. लाली दोन दिवसांत उतरते आणि बाटलीची ख्याती वाढते. मग ती कपाटात जपून ठेवली जाते आणि पुढच्या लाल डोळ्यासाठी, मग तो कोणाचाही असो, बाहेर काढली जाते.

पण डोळा लाल करणारी कारणे पुष्कळ आहेत. ॲलर्जीत दोन्ही डोळ्यांना खाज सुटते आणि तारेसारखा चिकट स्राव येतो. जिवाणूंच्या संसर्गात पिवळा पू येऊन सकाळी पापण्या चिकटतात. रांजणवाडीत पापणीच्या कडेला दुखरी गाठ येते आणि कोमट शेकाने ती बहुतेक वेळा फुटते किंवा बसते. मिरकरवाड्याच्या बंदरावर वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि खारी हवा सोसलेल्या डोळ्यांत वडस वाढलेला दिसतो. नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकणारा हा मांसल पडदा थेंबांनी विरघळत नाही. थेंबांनी चुरचुर कमी होते एवढेच, आणि पडदा बाहुलीकडे सरकू लागला तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. लाली झटपट घालवणारे, रक्तवाहिन्या आकसणारे थेंब मिळतात. ते रोज वापरले तर थांबवल्यावर डोळा आधीपेक्षा लाल होतो.

या सगळ्या त्या मानाने साध्या गोष्टी. काही लाल डोळे मात्र तासांच्या हिशेबाने पाहावे लागतात. अचानक एका डोळ्यात तीव्र कळ येते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, डोके फुटेल असे दुखते आणि उलट्या होतात. उलट्या असल्यामुळे घरचे त्याला पित्त समजतात आणि पित्ताची गोळी देतात. खरे तर डोळ्यातला दाब भयंकर वाढलेला असतो आणि दाब वेळेत उतरवला नाही तर नजर जाते. हा काचबिंदूचा तीव्र झटका. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबणाऱ्या वृद्धांतही असाच प्रसंग ओढवतो. अति पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, दाब वाढतो आणि साध्या शस्त्रक्रियेने परत मिळाली असती ती दृष्टी धोक्यात येते. मोतीबिंदू विरघळवणारा सिद्ध झालेला थेंब आजही जगात कुठे उपलब्ध नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने मोतीबिंदू, काचबिंदू आणि अंधत्व बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली आहे. तरीही शस्त्रक्रियेशिवाय मोतीबिंदू घालवण्याची आश्वासने गावोगाव ऐकू येतात.

कुसळ, बुरशी आणि स्टेरॉइड

कोकणातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत घातक लाल डोळा कुसळाचा. बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्याला स्वच्छपटल म्हणतात, तो सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. वरचा नाजूक थर शाबूत असेपर्यंत सहसा जंतू आत शिरत नाहीत. भाताचे कुसळ, गवताचे पाते, आंब्याची डहाळी किंवा चिरेखाणीतला कण या थरावर ओरखडा काढतो. वनस्पतीच्या टोकाबरोबर मातीतली बुरशी आत जाते. उष्ण, दमट हवेत ती जोमाने वाढते. दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो, डोळा उजेड सहन करत नाही, पाणी वाहत राहते.

अशा डोळ्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असलेला थेंब पडला तर काय होते? स्टेरॉइड शरीराची प्रतिक्रिया दाबून टाकते. लाली, सूज आणि दुखणे या प्रतिक्रियेच्याच खुणा असल्यामुळे पहिले एक-दोन दिवस बरे वाटते. मात्र बुरशीशी लढणारी फौजही त्याच वेळी मागे हटलेली असते. बुरशी निर्वेधपणे खोल जाते, पटल पातळ होते आणि कधी त्याला भोकही पडते. रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचतो तेव्हा आठवडा-दोन आठवडे गेलेले असतात. नागिणीच्या जातीच्या विषाणूंनी बुबुळावर होणाऱ्या फांदीसारख्या जखमेचेही तसेच आहे. स्टेरॉइड पडले की ती जखम नकाशासारखी पसरते.

बुरशीवरचे औषध वेगळे आहे. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नॅटामायसिनचे जुने थेंब व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले. हे थेंब सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. जिवाणूंच्या जखमांविषयीचीही एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ५०० रुग्णांत जंतू प्रयोगशाळेत ओळखून, आधी ४८ तास प्रतिजैविक देऊन मग निम्म्यांना स्टेरॉइडची जोड दिली गेली. इतकी काळजी घेऊनही तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या नजरेत एकंदरीने फरक दिसला नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जिथे सरसकट फायदा दिसत नाही, तिथे डोळा न पाहता दिलेल्या बाटलीने फायदा होईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. फूल बाहुलीसमोर असेल तर नेत्रदानातून मिळालेले पटल बसवण्यावाचून फारसा इलाज उरत नाही, आणि बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात ते बसेल याची खात्री देता येत नाही. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आढळले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र ३७.५ टक्के अंधत्वाचे कारण स्वच्छपटलाचे डाग होते. मोतीबिंदूचे अंधत्व शस्त्रक्रियेने परतवता येते आणि ते उतारवयात येते. फुलाचे अंधत्व कमावत्या वयात येते, अनेकदा त्याच डोळ्यात जो कापणीच्या दिवशी सकाळी ठणठणीत होता.

स्टेरॉइड वाईट नाही

एवढे वाचून स्टेरॉइडचे थेंब कधीच घालू नयेत असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही चुकीचा ठरेल. त्याचे उदाहरणही कोकणातच आहे. भातलावणीच्या काळात चिखलात उभे राहणाऱ्यांना लेप्टोची ओळख करून द्यावी लागत नाही. उंदीर आणि जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा जिवाणू शिरतो. ताप, अंगदुखी, कावीळ, मूत्रपिंडावरचा परिणाम या गोष्टी लोकांना माहीत झाल्या आहेत. ताप बरा झाल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डोळ्याच्या आतल्या थराला सूज येऊ शकते, हे तितके माहीत नाही.

१९९३ च्या अखेरीस तामिळनाडूत मदुराईच्या परिसरात पूर आले. त्यानंतर १९९४ मध्ये तिथल्या नेत्रतज्ज्ञांना अशा अंतर्दाहाच्या रुग्णांची अचानक वाढलेली संख्या जाणवली आणि तपासांती त्याचा संबंध लेप्टोशी लागला. या आजारात डोळा लाल होतो, उजेडाने दुखतो, समोर काळे ठिपके किंवा धूर दिसतो, नजर अंधुक होते. पिवळा पू येत नाही. इथे स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी ठेवणारे थेंब हाच प्रमुख उपचार असतो. ते वेळेवर मिळाले तर नजर सहसा चांगली सुधारते.

आता दोन माणसांची कल्पना करावी. एकाच वाडीतले, दोघांचाही एक डोळा लाल, दोघांनाही उजेड सहन होत नाही. पहिल्याला दोन महिन्यांपूर्वी लेप्टो झाला होता, दुसऱ्याला परवा कुसळ लागले. पहिल्याला स्टेरॉइड नाकारणे चूक आणि दुसऱ्याला ते देणे घातक. बाहेरून पाहून हा फरक नेहमी कळत नाही, आणि दुकानदाराला रुग्णाच्या भावाने सांगितलेल्या वर्णनावरून तर कळणे शक्यच नाही. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकासारख्या स्लिट लॅम्पखाली, आणि काही अंशी एका साध्या कागदी पट्टीने. फ्लुरोसिनची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळ्या प्रकाशात पाहिले, की जिथे पटलाचा थर निघाला आहे तिथे हिरवा डाग चमकतो. असा डाग दिसला की नेत्रतज्ज्ञांनी पाहीपर्यंत स्टेरॉइडला हात लावायचा नाही, हा नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात पाळता येण्यासारखा आहे.

डाग नसला तरी स्टेरॉइड दीर्घकाळ निर्धास्तपणे घालण्याचे औषध नव्हे. साधारण तीन जणांत एकाच्या डोळ्याचा दाब त्याने थोडाफार वाढतो आणि सुमारे पाच टक्के लोकांत तो बराच चढतो. वाढलेला दाब दुखत नाही. ॲलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्या मुलांना ‘याच थेंबाने बरे वाटते’ म्हणून वर्षभर तीच बाटली आणून दिली जाते आणि दहावी-बारावीत पोहोचेपर्यंत काचबिंदू किंवा मोतीबिंदू पदरी पडतो. अशा मुलांसाठी ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीरोधक थेंब अधिक सुरक्षित आहेत. बधिर करणाऱ्या थेंबांचा गैरवापर आणखी वेगळा. वेल्डिंगची झळ लागलेल्या किंवा खाणीत कण गेलेल्या कामगाराला त्या थेंबांनी क्षणात आराम पडतो, म्हणून तो बाटली खिशात ठेवतो. वारंवार घातल्यास जखम भरत नाही आणि पटल विरघळू लागते. हे थेंब तपासणीपुरतेच असतात, घरी न्यायचे नसतात.

कायदा आहे, वही कुठे आहे?

स्टेरॉइड असलेले डोळ्यांचे थेंब औषध नियमांच्या शेड्यूल एच मध्ये मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके आहेत आणि त्यातून डोळ्यांचे थेंब वगळलेले नाहीत. ही औषधे विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. कागदावर हा बंदोबस्त पुरेसा आहे. प्रत्यक्षात डोळ्यांच्या थेंबांसाठी अशी वही उघडलेली किती ग्राहकांनी पाहिली असेल?

दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारून भागणार नाही. रत्नागिरी हा लांबलचक, डोंगराळ आणि विखुरलेल्या वाड्यांचा जिल्हा. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, आणि नेत्रतज्ज्ञ मुख्यतः शहरांत व तालुक्याच्या गावी. वाडीतून उठून एसटीने तालुक्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, तीही ऐन कापणीत. घरातली कर्ती माणसे मुंबईत, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना चाकरमान्याने गणपतीत आणून दिलेली जुनी बाटली हाताशी. अशा वेळी औषधाचे दुकान हाच जवळचा दवाखाना होतो. कित्येकदा चिठ्ठी असते, पण तीही डोळा न रंगवता, टॉर्चच्या उजेडात पाहून लिहिलेली असते, आणि तिच्यावरही ‘प्रतिजैविक अधिक स्टेरॉइड’ हीच जोडगोळी असते. कारण एकाच बाटलीत दोन्ही आहेत म्हटल्यावर लिहिणाऱ्यालाही सुरक्षित वाटते.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने तपासण्या वाढवाव्यात हे खरे असले तरी तेवढ्याने काम होणार नाही. जवळ काहीतरी योग्य मिळाले तरच चुकीचे मागणे थांबेल.

खुपऱ्या कशा गेल्या

इथे दुसऱ्या बातमीचा धडा कामी येतो. खुपऱ्या म्हणजे पापणीच्या आतल्या बाजूला वारंवार होणारा जिवाणूसंसर्ग. पापणी आतून वळते, केस बुबुळावर घासतात आणि शेवटी फूल पडते. एकेकाळी देशाच्या कोरड्या, धुळीच्या पट्ट्यात हा रोग अंधत्वाचे मोठे कारण होता. १९६३ मध्ये त्याच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ पासूनच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात तो सामावला गेला. केंद्र सरकारच्या माहितीनुसार १९७१ मध्ये एकूण अंधत्वात खुपऱ्यांचा वाटा ५ टक्के होता, तो आज एक टक्क्याच्याही खाली आहे.

या लढाईत जादूचा थेंब नव्हता. स्वच्छ पाणी, तोंड धुण्याची सवय, वळलेल्या पापण्यांची शस्त्रक्रिया आणि स्वस्त प्रतिजैविके, पूर्वी टेट्रासायक्लिनचे मलम आणि पुढे ॲझिथ्रोमायसिन. औषध कोणाला, किती दिवस आणि कशासाठी द्यायचे हे ठरलेले होते, आणि ते देणारा आरोग्य कर्मचारी रुग्णापर्यंत जात होता.

कुसळाच्या जखमेवरही अशी वाट दाखवून दिली गेली आहे. नेपाळमधल्या भक्तपूर परिसरात सुमारे ३५ हजार लोकवस्तीत दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पट्टी आणि निळ्या प्रकाशाने ओरखडा ओळखायला शिकवले. ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्क्याचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. अशा ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के संसर्ग न होता भरले. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांत एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. हे मलम स्वस्त आहे आणि त्यात स्टेरॉइड नाही, यात सगळे सार आले.

रत्नागिरीला हे अशक्य नाही. गावोगाव आशा आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांची पदे आहेत, जिल्हा रुग्णालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटण्याची सवय कोकणातल्या आरोग्य यंत्रणेला आहे. तशीच तयारी कापणीच्या तोंडावर डोळ्यांसाठी करता येईल. प्रत्येक केंद्रात फ्लुरोसिनच्या पट्ट्या आणि निळा टॉर्च, आशांकडे साध्या प्रतिजैविक मलमाच्या नळ्या, पांढरा ठिपका दिसलेल्या किंवा दोन दिवसांत न सुधारलेल्या रुग्णाला थेट नेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याची ठरलेली पद्धत आणि जिल्ह्याच्या औषधभांडारात नॅटामायसिनचा साठा. खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे.

घरात काय करावे

कापणी-झोडणीच्या वेळी साधा चष्मा किंवा पारदर्शक गॉगल घालावा. डोळ्यात काही गेले तर चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढण्याचे प्रयोग टाळावेत. गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नये. चुन्याची पुडी फुटून, काजूच्या टरफलातले तेल उडून किंवा आंब्यावरची फवारणी करताना औषध डोळ्यात गेले, तर दवाखाना शोधण्यापूर्वी जागच्या जागी किमान १५ ते २० मिनिटे पाण्याची धार धरावी. चुना तर अधिकच घातक. त्याचे कण पापणीखाली राहिले तर तो डोळा जाळत राहतो.

पुढील खुणा असल्यास दुकानाकडे न जाता त्याच दिवशी डोळे तपासून घ्यावेत: नजर कमी होणे, तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, डोळेदुखीबरोबर उलट्या, इजा झाल्यानंतरची लाली, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा.

बाटली घेताना तिच्यावरची घटकांची ओळ वाचावी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. नावापुढे जोडलेले ‘डी’ किंवा ‘डेक्सा’ हीदेखील बऱ्याचदा त्याचीच खूण असते. तपासणीनंतर डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरते घालावे, मनाने वाढवू नये आणि मनाने अचानक बंदही करू नये.

थेंब घालताना एक पुरतो. डोळ्यात मावते त्याहून एक थेंबच मोठा असतो, दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी ओढून खोबणीत थेंब सोडावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी जाते. काचबिंदूसाठी टिमोलॉल घालणाऱ्यांनी हे आवर्जून करावे, आणि दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण डोळ्यातल्या थेंबानेही दमा उसळू शकतो. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. उघडलेली बाटली साधारण महिनाभरात टाकून द्यावी. २०२३ मध्ये अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे ८१ जणांना औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झाला, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. ते थेंब तामिळनाडूतल्या एका कारखान्यात तयार झालेले होते. कोरड्या डोळ्यांवरचे साधे थेंबही निर्जंतुक नसतील तर काय होते, हे त्यातून दिसले.

काचबिंदूच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट. त्यांचे थेंब वाढलेली नजर देत नाहीत, उरलेली राखतात. बाटली संपल्यावर डोळ्यात काहीच फरक जाणवत नाही म्हणून ती पुन्हा आणली जात नाही, आणि नजर कडेकडून शांतपणे कमी होत जाते. एकीकडे नको तो थेंब महिनोन्महिने चालतो, दुसरीकडे आयुष्यभर हवा तो थेंब महिन्यात थांबतो. दोन्ही ठिकाणी उणीव एकच असते, ती म्हणजे डोळा पुन्हा पाहणारे कोणी नसणे.

कापणी संपली की आंब्यावरच्या फवारण्या सुरू होतात. चष्मा घालवणाऱ्या थेंबांचा वाद न्यायालयात आणि कार्यालयांत जेव्हा सुटायचा तेव्हा सुटेल. वाडीवरच्या लाल डोळ्याला मात्र पहिले १८ तासच मोलाचे आहेत, आणि त्या वेळेत त्याच्यापर्यंत निळा टॉर्च आधी पोहोचतो की काउंटरवरची बाटली, हे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला ठरवता येण्यासारखे आहे.